जावयाची गाडी

अल कुसैस,
बुधवार, २१ जानेवारी

प्रिय अंतरा,

हे पत्र तिळगुळाच्या डब्यात, तळाच्या कागदाच्याही खाली ठेवून पाठवते आहे. शेजारच्या विनिताचा नवरा रोज तुमच्याकडे अबू धाबीला, मुसाफात कामाला येतो. डबा फक्त तुझ्या हातात द्यायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं मी तिला दोनदा बजावलंय. तिने विचारलंच, तिळगुळात एवढं काय आहे म्हणून. मी म्हटलं, तूप जास्त पडलंय, सांडेल. तेव्हा आता दार लावून घे आणि एकटी बस. सत्यजित दोन फेब्रुवारीला कंपनीची पिकअप ताब्यात घेणार आहे, त्याच्या आत हे तुझं वाचून व्हायला हवं, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. फोनवर बोलता आलं असतं तर बोलले असते. पण गेलं वर्षभर तुझा फोन स्पीकरवर असतो. तू म्हणतेस की घरीच आहे, आणि मागे इंडिकेटरची टिकटिक चाललेली असते. एकोणीस वर्षं मी दिवसाचे आठ तास ती टिकटिक ऐकते आहे, अंतरा. सकाळी पावणेसहाला तू गाडीत असतेस आणि मला सांगतेस की कणीक मळते आहेस.

आई संशयी आहे, हे तू लहानपणापासून म्हणत आलीस. आहेच. दुधवाल्यापासून मुख्याध्यापिकेपर्यंत मी कुणाला सोडलं नाही. पण या खेपेला माझा संशय कुठून कुठे गेला ते सगळं तुला क्रमाने सांगणार आहे, मधेच पान उलटू नकोस.

आमच्या ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटने नवा नियम काढला ते तुला माहीत आहे. जिला हवी असेल तिने स्वतःची गाडी आणावी, इन्स्टिट्यूट तिला शिकवणारीच्या बाजूचा ब्रेक बसवून देईल आणि तासामागे पंधरा दिरहम जास्त मिळतील. पंधरा दिरहम म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये, असं बाबांनी लगेच मोठ्याने म्हणून टाकलं. गाडी पाच वर्षांहून जुनी नको आणि एकतीस जानेवारीच्या आत दाखवायची. मला पैशापेक्षा दुसरंच काहीतरी हवं होतं. इतकी वर्षं झाली, सकाळी टेबलावर जी चावी असेल ती मी उचलते. कुणाच्या अत्तराचा वास, कुणाचे बिस्किटाचे चुरे, कुणी मागे ढकलून ठेवलेलं सीट. साडेतीन हजार बायकांना मी गाडी शिकवली असेल, पण माझी म्हणावी अशी एक गाडी नाही. म्हटलं, रिटायर व्हायच्या आधी चार वर्षं तरी आपल्या गाडीत बसू.

म्हणून डिसेंबरभर बाबांना घेऊन सेकंडहँड गाड्यांचा बाजार पालथा घातला. बाबा म्हणजे तुला माहीत आहेत. विकणाऱ्याने चहा मागवला की त्यांना गाडी आवडते. उमर नावाच्या एका दलालाने त्यांना दोन कप पाजले आणि एका चकचकीत गाडीपुढे उभं केलं. मी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वितीवर मातीची बारीक रेघ होती. अर्धी दुबई पाण्याखाली गेली त्या एप्रिलच्या पावसात बुडालेली गाडी. उमर म्हणाला, "हबीबी, धूल है." मी म्हटलं, धूळ पट्ट्याच्या आत जाऊन झोपत नाही. तिथून पुढे बाबा चहा घ्यायला नको म्हणू लागले.

गाडी बघायची माझी एक पद्धत आहे, तीही सांगून ठेवते कारण पुढे तिचं काम आहे. मी गाडीत बसते ती माझ्या जागेवर, म्हणजे शेजारच्या सीटवर, आणि मालकाला चालवायला लावते. बाकीचे लोक स्टिअरिंग धरून गाडी बघतात. माझं सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं, मला गाडी तिथूनच कळते. शिवाय मालक कळतो. ज्या गाडीत खोट असते तिचा मालक ती खोट लपवत चालवतो. कुणी उजवीकडे वळायचं टाळतो, कुणी ब्रेक आधीच हळूहळू दाबत जातो, कुणी खड्डा दिसला की गाण्याचा आवाज मोठा करतो.

अशात नवीन वर्षाला सत्यजितचा फोन आला. त्याला रुवैसच्या साइटवर सुपरवायझर केलंय, कंपनी डबल केबिन पिकअप देणार आहे, आता पांढरी गाडी नुसती उभी राहील, तर आईंनी घ्यावी. चोवीस हजार दिरहम. बाबांचे डोळेच भरून आले. पावणेसहा लाखांत एवढी गाडी, आणि वर जावई स्वतःहून देतोय. माझ्या मनात मात्र तिथेच पाल चुकचुकली. ती गाडी बाजारात चौतीसच्या खाली मिळत नाही, हे महिनाभर वणवण केलेल्या बाईला कुणी सांगायला नको. सत्यजित वाईट माणूस नाही, पण दहा हजार दिरहम सोडून देणारा पण नाही. लग्नात बँडवाल्याशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास बोलत उभा होता तो. मी बाबांना म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. ते म्हणाले, "कुमुद, जावयाचा तरी पट्टा ओढून बघू नकोस."

शनिवारी आम्ही तुमच्याकडे आलो ते म्हणूनच. तिळगूळ निमित्ताला होता. तू गाडीच्या कागदांची फाइल माझ्यापुढे ठेवलीस, नीट, तारखेवार, तुझी सवय आहे ती. त्यात रडारच्या, म्हणजे जास्त वेगाच्या दंडाच्या पावत्या होत्या. मला आठवतं ना सत्यजितचं चालवणं. दुबई रोडला मी मागे बसायची आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहायची. महिन्याला एक दंड ठरलेला, कधी दोन. त्या पावत्या मी मोजल्या नाहीत, नुसत्या चाळल्या, आणि परवाच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर एकही नव्हती. दुसरी सासू असती तर म्हणाली असती, जावई सुधारला. मला वाटलं, गाडीच पळत नाही की काय.

मग खाली उतरलो. मी माझ्या जागेवर बसायला दार उघडलं तर पर्णिका म्हणाली, "आजी, दॅट्स पप्पाज सीट." तू एकदम तिला म्हणालीस, जा, आजोबांना लिफ्टचं बटण दाखव. लेकरू बिचारं, लिफ्ट मागेच राहिली होती. मी सत्यजितला म्हटलं, चल, एक फेरी मार. तो म्हणाला, "तुम्हीच चालवा ना आई, तुमचीच गाडी आता." मी म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे. तर म्हणाला, पाठ धरली आहे. तासाभरापूर्वी त्याने पर्णिकाला खांद्यावर बसवून पंख्याला हात लावायला दिला होता. आणि तू त्याच्या हातातून चावी घेतलीस ती इतक्या पटकन, की मला खात्रीच झाली, गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे आणि ते दोघांनाही ठाऊक आहे.

तू चालवायला बसलीस. सीट पुढे घ्यावं लागलं नाही, आरसा हलवावा लागला नाही. माझं सीट मात्र पार मागे गेलेलं, पाय कुठे ठेवायचे कळेना. म्हणजे लांब पायांचा माणूस तिथे नेहमी बसतो आणि तू नेहमी चालवतेस. ठीक आहे, म्हटलं, बायको चालवते, चांगलंच आहे, माझीच शिकवण. पण तुझं चालवणं बघून मला राग आला. खरंच आला. तुला मी शिकवलं होतं की नजर आधी लांब, मग आरसा, मग बाजू. तू दर अर्ध्या मिनिटाला माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी काही बोलत नव्हते, तरी बघत होतीस. सिग्नलला थांबलीस की माझ्या हातांकडे बघायचीस. नेहमी कडेच्या लेनमध्ये, पुढच्या गाडीत आणि तुझ्यात ट्रक मावेल एवढी जागा, आणि एकदा मी शिंकले तर तू सरळ गाडी बाजूला घेतलीस. मला वाटलं, ही मला घाबरते आहे, मी खोट पकडेन म्हणून.

मी म्हटलं, दोन-चार दिवस नेऊन बघते. सत्यजित लगेच हो म्हणाला, जरा जास्तच लगेच. निघताना तू तिळगूळ दिलास तेव्हा तुझी बाही वर गेली आणि उजव्या हातावर, कोपराच्या खाली, जुना निळा डाग दिसला. मी विचारलं तर म्हणालीस, दार लागलं. बाबा वाटेत म्हणाले, पोरगी थकलेली दिसते. मी गिअरबॉक्स ऐकत होते.

सोमवारी गाडी विघ्नेशकडे नेली. आपल्या गुहागरकडचाच मुलगा, कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात गॅरेजवर आहे, माझ्याशी खोटं बोलायची त्याची छाती नाही. दोन तास त्याने गाडी वर उचलून, खाली उतरवून, संगणक लावून बघितली. इंजिन स्वच्छ, गिअरबॉक्स स्वच्छ, अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही. म्हणाला, काकी, डोळे मिटून घ्या. मला बरं वाटायला हवं होतं, तर उलट झालं. दोष असलेली गाडी स्वस्त देण्यात एक सरळपणा असतो. काहीच दोष नसताना दहा हजार सोडतो म्हणजे त्याला ती गाडी दारातून जायला हवी आहे. का जायला हवी आहे?

मग आपल्या बाजूचा ब्रेक कुठे बसेल ते बघायला विघ्नेश शेजारच्या सीटखाली वाकला आणि तिथेच थांबला. पुढच्या कप्प्याचं झाकण खालून तडकलं होतं, आतून चिकटपट्टी लावून जोडलं होतं. खालच्या प्लास्टिकवर बुटाच्या टाचांचे चट्टे होते, एकावर एक, एकाच ठिकाणी. तो मान वर न करता म्हणाला, "काकी, इकडे कुणीतरी लाथा झाडल्यात."

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते, कारण तुझ्या नवऱ्याबद्दल मी काय विचार केला ते तुला कळलंच पाहिजे. मी जोडत गेले. तू चालवतेस, तो शेजारी बसतो. तू सारखी त्याच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघतेस. तुझ्या उजव्या हातावर, त्याच्या बाजूच्या हातावर, डाग आहे. समोरचं प्लास्टिक लाथांनी फुटलं आहे. फोन नेहमी स्पीकरवर. सासरची माणसं किती चांगली असं तू गेलं वर्षभर न विचारता सांगतेस. मला वाटलं, माझी मुलगी मार खाते आहे, आणि तो माणूस मला स्वस्तात गाडी देऊन माझं तोंड बंद करतो आहे. मंगळवारचे तीन क्लास मी कसे घेतले मलाच माहीत नाही. एका मुलीने सिग्नल तोडला, मी ब्रेक दाबला नाही, तिनेच घाबरून दाबला. मी ठरवलं होतं की संध्याकाळी गाडी त्याच्या दारात नेऊन लावायची, चावी त्याच्या अंगावर फेकायची आणि तुला नि पर्णिकाला घेऊन यायचं. बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांनी मधे चहा प्यायला थांबवलं असतं.

गाडी परत द्यायची म्हणून दुपारी ती साफ करायला घेतली. शेजारच्या दाराच्या खिशात रुमालात गुंडाळलेला कांदा होता. तो मी शनिवारीच बघितला होता आणि बाबांना दाखवलाही होता. ते म्हणाले, साइटवरचा माणूस आहे, ऊन लागू नये म्हणून ठेवला असेल. मीही मान हलवली. आपल्याकडे ठेवतातच, मामंजींच्या सदऱ्याच्या खिशातसुद्धा वैशाखात असायचा. या देशात राहून आपण बारा महिने ऊन धरूनच चालतो, म्हणून दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सध्या जानेवारी आहे. सकाळी धुकं असतं, बाबा स्वेटर घालतात. जानेवारीत ऊन कुणाला लागतं?

मी तो रुमाल सोडला. कांदा जुना किंवा कोंब आलेला नव्हता, आठवड्यातला होता. एका बाजूने ठेचलेला, हाताच्या मुठीत चिरडावा तसा, आणि रुमालाला त्याचा वास अजून ओला होता. रुमालाची गाठ मी ओळखली. तीन पदर आत आणि टोक बाहेर, एका हाताने झटक्यात सुटावी अशी. ही गाठ जगात एकच बाई मारायची, माझी सासू, तुझी तानुआजी. तिच्या पदराच्या टोकाला रात्रंदिवस तसा कांदा असायचा आणि तू तिच्या मागेमागे फिरायचीस. मामंजींना, तुझ्या बाबाजी आजोबांना, आकडी यायची तेव्हा ती गाठ सोडून कांदा ठेचायची आणि त्यांच्या नाकाशी धरायची. तू चार-पाच वर्षांची असताना बघितलं आहेस. विसरली असशील असं मला वाटलं होतं.

मी त्या सीटवर बसून राहिले, दार उघडं, हातात कांदा. मग एकेक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून जोडली, आणि या वेळी ती सगळी दुसरीकडे गेली. दंड थांबले, कारण परवाच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो चालवत नाही. लाथा त्याने रागाने मारलेल्या नाहीत. हाताचा डाग त्याच्या हाताने झाला, पण त्याने केला नाही. गाडी स्वस्त आहे कारण परक्या गिऱ्हाईकापुढे त्याला एक फेरी मारून दाखवावी लागली असती. घरातली सासू कशाला बघते आहे, असं त्याला वाटलं असेल. माझ्यासारख्या बाईला गाडी विकायला निघाला, भोळाच आहे. आणि डिसेंबरात तुझा मावसभाऊ जय पुण्याहून आला तेव्हा तू त्याच्याकडून मागवलेलं ते पुडकं, व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत म्हणून मला उघडू दिलं नाहीस, तेही तेच ना?

सव्वा वर्ष, अंतरा. पहाटे उठून त्याला मुसाफाला सोडायचं, परत येऊन पर्णिकाची शाळा, संध्याकाळी पुन्हा आणायला, आणि सगळा वेळ एक डोळा रस्त्यावर, एक त्याच्या तोंडावर. मी शेजारी बसून शिकाऊ मुलींना सांभाळते, पण माझ्या पायाखाली ब्रेक असतो आणि महिनाअखेर पगार असतो. तुला मी शनिवारी मनातल्या मनात नापास केलं होतं. मला माफ कर. सत्यजितचीही माफी मागायची आहे, पण ती त्याच्या तोंडावर मागेन, चांगली दोन-चार वाक्यांत.

तुम्ही का लपवलंत ते मला विचारायची गरज नाही. कंपनीला कळलं तर सुपरवायझरी जाईल, कदाचित नोकरीच जाईल, नोकरीवर व्हिसा आहे, व्हिसावर तुम्ही तिघं आहात. बढती नाकारली तर कारण द्यावं लागेल. म्हणून तुम्ही एकमेकांना सांगितलं असेल की आता गोळ्यांनी बरं आहे, कित्येक महिन्यांत काही झालं नाही. पण कांदा ताजा होता, बाळा. फार तर आठवडा झाला असेल. आणि दोन तारखेपासून तो एकटा, पहाटेच्या धुक्यात, ट्रकांच्या रांगेतून, सव्वादोनशे किलोमीटर जाणार आणि तेवढाच परत येणार. शेजारच्या सीटवर कुणी नसताना.

आता मी काय केलं ते ऐक. आज सकाळी बँकेत जाऊन चौतीस हजार दिरहम तुझ्या खात्यात टाकले. तुझ्या एकटीच्या. चोवीस नाही, चौतीस, विघ्नेशने लावलेला भाव. जावयाच्या अडचणीतून मी दहा हजार कमवायचे नाहीत. गाडी मी विकत घेतली आहे, पण मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तुझ्या नावावर करायचं आणि गाडी तुझ्या दारातच राहील, कारण तिची गरज तुला आहे. इन्स्टिट्यूटमध्ये सांगितलं की यंदा मला गाडी जमत नाही. सुपरवायझर यास्मिनबाई म्हणाल्या, खलास, पुढच्या वर्षी बघू. वाईट वाटलं का? वाटलं. दहा मिनिटं पार्किंगमध्ये बसले होते. पण ते माझं दुःख आहे, त्याचा तुझ्याशी संबंध नाही.

त्याने कंपनीत स्वतः जाऊन सांगावं. स्टोअरमध्ये, ऑफिसात, कुठेही बसावं, पगार कमी झाला तर होऊ दे. नाहीच ठेवलं तर कुसैसची मागची खोली रिकामी आहे आणि बाबा अजून दोन वर्षं नोकरीत आहेत. चोरून मागवलेल्या गोळ्या नकोत, इथल्या चांगल्या डॉक्टरला दाखवा. यावर औषधं आहेत, नीट घेतली तर माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात, आणि डॉक्टर म्हणाले तर कधीतरी पुन्हा गाडीही चालवतील. आणि तो कांदा टाकून दे. आम्हाला दरवर्षी प्रथमोपचाराचं ट्रेनिंग असतं, त्यातलं सांगते. आकडी आली तर त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक सामान दूर करायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, नाकाशी काही धरायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवायची. तानुआजीला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ती जे करत होती ते करत होती.

आता हे पत्र का लिहिलं ते. बाबाजी आजोबा ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पाय घसरून गेले असं आम्ही तुला सांगितलं होतं. तू तेव्हा चौथीत होतीस. पाय घसरला नव्हता. त्या दिवशी तुझ्या आत्याला बघायला चिपळूणचे पाहुणे आले होते आणि पडवीत बसले होते. मामंजींना पहाटेच आकडी येऊन गेली होती. आली की दिवसभर त्यांना घराबाहेर सोडायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. साखर संपली म्हणून त्यांनी सायकल काढली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. आज जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण पाहुण्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि आत्याचं लग्न मोडलं असतं. मी पाहुण्यांना पोहे दिले. दुपारी मामंजी साकवाखाली सापडले, ओढ्याला गुडघाभरच पाणी होतं. तुझे बाबा तेव्हा इथे दुबईत होते. त्यांना आजतागायत वाटतं की पाय घसरला, आणि हे पत्र तुझ्याकडे पोचेल त्या संध्याकाळी मी त्यांनाही सगळं सांगणार आहे. तू दोन तारखेच्या आत सत्यजितशी बोल. नाही जमलं तर नको बोलूस, मी येते. सोमवारी, दोन तारखेला, पहाटे साडेचारला मी तुमच्या बिल्डिंगखाली असेन. पिकअपच्या मागे ही पांढरी गाडी आडवी लावीन, चावी पर्समध्ये टाकीन आणि वर येईन. त्याला ओरडायचं असेल तर ओरडू दे, मीही ओरडेन, सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं तरी चालेल.

तुझीच,
आई